चार नंबरच्या घिरट्या

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मीच, आणि त्याचा मला अभिमान आहे. तरीही हे लिहितोय... कारण उत्तर सापडत नाही.

१९९९ सालची गोष्ट. नवीन पनवेलला स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो. रविवारी क्लास बंद, त्यामुळे मालकांच्या परवानगीने आम्ही चार मित्र तिथे लढाऊ विमानांचा गेम खेळायचो. फोनला मॉडेम जोडायचा, समोर नाशिकची टीम. नेमबाजी आमची बेताचीच, पण जिंकायचो — कारण मिशन मी आखायचो. फळ्यावर मार्ग काढायचा, प्रत्येकाला नंबर द्यायचा, इंधन किती उरलं की मागे फिरायचं ते आधीच ठरलेलं. आणि एक नियम पक्का. कुणाचं विमान पडलं तर चार नंबरने तिथेच खाली घिरट्या घालत राहायचं, मी येऊन जागा बघेपर्यंत. मग तिथे मदत पाठवता यायची.

चार नंबर म्हणजे दिनेश. जवळच्या गव्हाण गावचा. सायकलवरून यायचा.

त्या रविवारी दुपारी तो आलाच नाही. गेममध्ये माणूस नसला की त्याचं विमान कॉम्प्युटर चालवतो. तसंच खेळायला बसलो.

मिशन मस्त चाललं होतं. अचानक चार नंबर रांग सोडून खाली गेला आणि किनाऱ्यावर, अगदी पाण्याच्या कडेला, गोल फिरायला लागला. मी परत बोलावण्याची आज्ञा दिली. ऐकेना.

"कोण पडलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. तिघंही उडतोय की," संदीप म्हणाला.

"मास्तर, तुमच्या शिस्तीत कॉम्प्युटर पण तयार झाला वाटतं," इम्रान हसला.

मला हसू येईना. मी उठलो, स्कूटरची किल्ली घेतली.

"अरे जिंकतोय आपण! कुठे निघालास?" संदीप ओरडला.

"दिनेशला बघून येतो."

गव्हाणच्या वाटेवर एके ठिकाणी रस्ता खाडीला लागून जातो. तिथे वेग कमी केला म्हणून बांधाखाली सायकलचं चाक दिसलं. दिनेश चिखलात पडला होता. ट्रकने हूल दिली होती, पाय मोडलेला, उठता येत नव्हतं. भरती चढत होती... पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं. एक टेम्पो थांबवला, ड्रायव्हरच्या मदतीने त्याला वर काढलं आणि पनवेलला दवाखान्यात नेलं.

नंतर मी तोच गेम, तेच मिशन कितीदा तरी लावून पाहिलं. चार नंबरची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली. कॉम्प्युटरने एकदाही रांग सोडली नाही. दिनेशलाही विचारलं. तो म्हणाला, "मी फक्त हाका मारत होतो. रस्त्यावर कोणाला ऐकू जात नव्हत्या."

दवाखान्यात त्याच्या आईने माझा हात धरला होता. "मास्तर, तुमाला कोनी सांगितलं, माझा पोर थंय हाय म्हनून?"

"कुणी नाही. सहज चाललो होतो त्या रस्त्याने," मी म्हणालो.

खोटं होतं. पण खरं काय सांगायचं, ते मला आजही ठाऊक नाही.