खिशावर शिवलेला कोड

सोलापुरात कुणाला कशासाठी क्यूआर कोड लागतो, ते महानंदाला विचारावं. शुक्रवार पेठेत तिचं छपाईचं एवढंसं दुकान. भजीवाल्याला पैशासाठी, लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा रस्ता दाखवण्यासाठी, क्लासवाल्यांना प्रवेशासाठी, सगळ्यांना ती हे काळेपांढरे चौकोन पापड लाटावेत तसे भराभर काढून द्यायची. नवऱ्याचं भुसार दुकान विकलं गेलं तेव्हापासून घर याच चौकोनांवर चाललं होतं.

नवरा चनमल्लप्पा मोठा मानी माणूस. ज्वारीच्या मापात कधी खोट केली नाही, आणि दारी आलेल्याला ओंजळभर धान्याशिवाय परत पाठवलं नाही. आता मात्र त्यांचं डोकं साथ देईना. लेकीला ते बहीण समजत आणि सकाळी टोपी घालून विकलेलं दुकान उघडायला निघत. शेजाऱ्यांनी हाताला धरून कितीदा तरी परत आणलं.

"शर्टावर माझा नंबर शिवते," एकदा महानंदा म्हणाली.

लेक दानेश्वरीला ते पटेना. "अव्वा, बाईमाणसाचा नंबर असा रस्त्यावर मिरवायचा व्हय? कोण कुठला फोन करत बसंल. त्यापेक्षा कोड लाव की. ज्याला गरज, तो स्कॅन करंल."

बोलणं खोटं नव्हतं. महानंदानं नाव, पत्ता, नंबर सगळं कोडात घातलं, कापडावर छापलं आणि खिशावर शिवलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं तपासलं तर झटक्यात उघडलं. दुनियेला कोड काढून देते, तर आपल्या माणसाला नको का, म्हणून ती मनातून सुखावली. माणसाला कशाचा अभिमान वाटावा आणि तोच कसा अंगावर यावा, याला काही नेम नाही.

मे महिन्यात, सोलापूर तव्यासारखं तापलेलं असताना, दुकानात गिऱ्हाइकाकडे तोंड आणि घराकडे तिची पाठ होती, तेवढ्यात चनमल्लप्पा निघून गेले. मायलेकींनी भुसार गल्ली पालथी घातली, देवळं पाहिली, तळ्याचा काठ पाहिला. "कोड हाय की," महानंदा लेकीला धीर देत राहिली. "कुणीतरी स्कॅन करंलच." मोबाइल तिनं क्षणभरही हातातून खाली ठेवला नाही. तो वाजलाच नाही.

वाजला तो दिवस कलल्यावर, कुर्डुवाडीच्या एका दवाखान्यातून. चनमल्लप्पा गाडीत बसून तिकडं गेले होते. तिथल्या नर्सनं साध्या कॅमेऱ्यानं कोड उघडला होता. पण उन्हानं आपलं काम आधीच केलं होतं.

मायलेकी पोचल्या तेव्हा त्यांना दवाखान्यात आणणारा चहावाला रामहरी बाहेर बसून होता. त्यानं चनमल्लप्पांची टोपी महानंदाच्या पुढं धरली. टोपीत चिल्लर होती.

"स्टेशनाबाहेर बसलेलं," तो म्हणाला. "आमाला वाटलं, मागणारं हाय. आता मागणारंबी कोड लावत्यात न्हवं? लई जणांनी पैसं टाकाया मोबाइल धरला. पैसं जाईनात. कोड चुकीचा दावायचा. मग कुणी नाणं टाकलं, कुणी तसंच गेलं. मीबी धरला हुता, ताई."

"ते काय म्हणत होते?"

"म्हणायचं, पोतं घिऊन या, ज्वारी मापून देतो. फुकटचं पैसं न्हाय घेत मी."

तिथंच भिंतीला टेकून महानंदा ढसाढसा रडली. एवढ्या माणसांच्या हातात तिचा नंबर होता आणि एकालाही तो दिसला नव्हता. ज्यानं जन्मभर दिलं, त्याला गावानं मागणारा ठरवलं होतं.

माती झाली, पाहुणे पांगले. दानेश्वरी स्वतःला बोल लावून घेत होती, तिला महानंदानं कसंबसं गप्प केलं. मग शर्ट धुवायला घेतला. खिसा उसवायला तिचा हात होईना. साध्या कॅमेऱ्यानं बघावं, हे इतक्या जणांपैकी एकाच्याही डोक्यात का आलं नसेल, याचा तिला मनस्वी राग आला. निदान एकदा तरी तो कोड नीट उघडावा, म्हणून तिनं मोबाइल घेतला आणि खिशावर धरला.

सवयीनं तिच्या अंगठ्यानंही पैशाचंच अॅप उघडलं होतं. पडद्यावर आलं, हा कोड चुकीचा आहे.