उलट्या शिक्क्यावरचं कुंकू

खंडेनवमीला शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासासरशी ऐंशीच्या दशकातलं टेक्सासमधलं आमचं भाड्याचं घर आठवतं. पूजेला शस्त्र म्हणून नुसती सुरी आणि स्क्रूड्रायव्हर, तेव्हा शेजारचे अमेरिकन आजोबा हौसेनं आपल्या वडिलांची जुनी रायफल रिकामी करून घेऊन आले. तिच्या लाकडी दस्त्यावर कारखान्याचा शिक्का उलटा उमटला होता. "चूक कारखान्याचीच असली की जुन्या बंदुका जमवणारे शौकीन जास्त पैसे देतात," ते म्हणाले, "पण नंतर कुणी त्यावर काही केलेलं त्यांना चालत नाही. विकून टाका म्हणून मुलगा मागे लागलाय." तोवर मी शिक्क्यावरच कुंकवाचं बोट टेकवून मोकळी झाले होते! तेलकट लाकडात कुंकू मुरलं. माझा चेहरा पडला. आजोबा मात्र खुशीत हसले. "बरं झालं! आता कोण घेतंय? मला कुठे विकायची होती!" अजूनही मशीनला कुंकू लावताना माझं बोट जरा जास्तच दाबलं जातं.