नगारखान्यातलं ऑफिस

आमच्या ऑफिसातली टेबलं कधीच खाली उतरणार नाहीत. नगारखान्याचा जिना इतका अरुंद, की तयार टेबल वर जाईना. मग सुताराने फळ्या वर नेऊन तिथंच आठ टेबलं ठोकली. पुण्याची नणंद विचारते, "गावात कसलं गं ऑफिस?" तेव्हा मी तिला हेच ऐकवते. कुणाला उचलून नेता येणार नाही असं ऑफिस तुमच्या पुण्यात तरी आहे का, म्हणते.

औंधच्या पुढं आमचं गाव. वेशीवर संस्थानच्या वेळचा दगडी नगारखाना: खाली कमान, वर लाकडी खांबांची लांबट खोली. मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त तिथं. नवरा सैन्यात, त्याच्याशी बोलायला मी लग्नापासून तो जिना चढायचे. माझ्यासारख्या आणखी चार-पाच जणी यायच्या. पारव्यांच्या घाणीत पदर सावरून उभ्या राहायचो आणि एकीचं बोलणं दुसरीनं ऐकलंच नाही असं दाखवायचो. सांगलीला माहेरी असल्यापासून मी एका विमा कंपनीचे कागद तपासायचं काम करते. ते सुटू नये म्हणून एक दिवस लॅपटॉप घेऊनच वर गेले आणि नगाऱ्याशेजारी पोत्यावर बसून काम केलं. तिथंच ऑफिस करायचं डोक्यात आलं ते आलंच.

ग्रामपंचायतीत मी तीनदा भांडले. "पडाय आलंय ते, काय करतीस त्याचं?" असं म्हणणाऱ्यांनीच पुढं खोरी-पाट्या उचलल्या. सांध्यांत चुना भरला, वायर ओढली, बॅटरी बसवली. आज गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची अकरा माणसं तिथं बसून काम करतात. कुणी नकाशे काढतं, कुणी दूरच्या मुलांना गणित शिकवतं. एका मेंढपाळाच्या घरातली लेक इंग्रजी व्हिडिओंना मराठी मजकूर लिहिते. मला याचा अभिमान आहे आणि मी तो झाकत नाही.

चूक झाली ती मात्र माझीच.

त्या खोलीच्या कोपऱ्यात नगारा आहे आणि तो रोज दिवेलागणीला वाजतो. वाजवणारे आबा सत्तरीपुढचे. त्यांच्या घरात ही चाकरी पिढ्यांची. दुरुस्ती चालू असताना त्यांनी एकच विचारलं होतं, "नगारा हितंच ऱ्हाईल न्हवं?" मी म्हटलं होतं, "ऱ्हाईल की, आबा." पण घोडं अडलं ते तिथंच. ऐन दिवेलागणीला माझी पुण्याच्या साहेबांबरोबर रोजची ऑनलाइन मीटिंग. तिसऱ्यांदा मधेच नगारा झडला तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, असंच चालणार असेल तर पुण्याला येऊन काम करा. नाहीतर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल."

मी घाबरले. आबांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तालुक्याहून पाटी रंगवून आणली: 'शांतता राखा'. भिंतीत रिकामा खिळा होता तो नेमका नगाऱ्याच्या वर. तिथंच लटकवली.

संध्याकाळी आबा आले. टिपऱ्या हातात घेतल्या, मान वर केली, पाटी वाचली. टिपऱ्या नगाऱ्यावर ठेवल्या आणि धोतराचा सोगा सावरत जिना उतरून गेले. मीटिंग छान झाली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरी आले तर देवापुढं अंधार. सासूबाई म्हशीची धार काढून ओसरीवर बसल्या होत्या.

"आवं आत्या, दिवा न्हाई लावला?"

"नगारा कुठं वाजलाय? आज सांज झालीच न्हाई."

रागानं नाही, साधंच म्हणाल्या. मला मात्र घास गोड लागेना. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी गत. ज्या घराण्यानं ती खोली राखली म्हणून मला बसायला जागा मिळाली, त्याच घरातल्या माणसाला मी गप्प बसवलं होतं. त्यानंतर तीन दिवस आबा फिरकले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी साहेबांना फोन लावला. "सर, दिवेलागणीला मी पाव तास नसेन. आमच्या ऑफिसात तेव्हा नगारा वाजतो."

"किती वाजता?"

"दिवस मावळला की."

"अहो, नक्की वेळ सांगा."

"हिवाळ्यात सहा, उन्हाळ्यात सात. रोजची नक्की वेळ सूर्याला विचारावी लागेल, सर."

नोकरी गेली असं धरूनच मी बोलत होते. साहेब म्हणाले, "तुमच्या कागदांत चूक सापडत नाही, म्हणून ऐकतोय. मीटिंग नगाऱ्यानंतर ठेवू."

पाटी उतरवून मी तडक आबांच्या दारात गेले. ते अंगणात बाजेवर पडले होते.

"आबा, माझं चुकलं. पाटी काढलीया. चला."

"आन् तुझं काम?"

"पुण्याचं सायेब थांबणार हायत."

ते उठून बसले. "पुण्याचं? नगाऱ्यापायी?"

"व्हय."

"कातडं ढिलं पडलं आसंल गं. चार दिस हात न्हाई लागला," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी शेगडीवर नगारा शेकला. आम्ही सगळ्यांनी लॅपटॉप मिटले; कुणाला सांगावं लागलं नाही. आबांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवला. मी खिडकीशी उभी होते, डोळे पुसायचंही भान नव्हतं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई देवापुढं वात सारत होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "झाली बाई सांज एकदाची."