रसवंतीच्या पाटीचं जाड अक्षर

केडगावात माझं फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान आहे. दिवसाची कामं मी सकाळी फळ्यावर लिहिते आणि झालेलं काम पुसते. एक काम मात्र बरेच महिने फळ्यावर तसंच होतं: स्वतःचं जाड अक्षर. कॉम्प्युटरमधली जाड अक्षरं मला पटत नव्हती. ती मुळात बारीकच असतात. आम्ही दुकानदार त्यांना रंगाची किनार देऊन फुगवतो. मला मुळातलं जाड हवं होतं. उभी रेघ भरभक्कम, ती खाली उतरली की तिला विटेसारखा चौकोनी पाय, आणि शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना तसाच ठोकळा. सवडीने काढत ते पुरं झालं, पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लोकांना अक्षरांपेक्षा चेहरे जास्त लागतात.

मग एक दिवस वहिनी आली. शिंगणापूरच्या रस्त्यावर तिची रसवंती आहे, बैलावर चालणारी. बैल तिने वासरू असल्यापासून वाढवलेला. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी रसवंत्याच रसवंत्या, आणि हिची नेमकी वळणाला लागून. पाटी वाचेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. दादाने सांगून टाकलं होतं, येत्या शनी अमावस्येलाही गाड्या थांबल्या नाहीत तर बैल घोडेगावच्या बाजारात जाणार.

"वन्सं, अशी पाटी करा, झोपलेला डायवर बी ब्रेक मारील," वहिनी म्हणाली.

जुनी पाटी तिने गुंडाळून काखेत आणली होती. मधोमध गॉगल घातलेला दादा, बाजूला शनिदेव, बर्फ घातलेला ग्लास, दोन मोबाईल नंबर, सहर्ष स्वागत. 'रसवंती' हा शब्द उरलेल्या जागेत.

मी सगळं काढून टाकलं आणि तो एकच शब्द ठेवला, माझ्या अक्षरात, पिवळ्यावर काळा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाटी लावली आणि स्कूटीवरून घोडेगावच्या बाजूने येऊन बघितलं. वळणावरून एक काळी आडवी पट्टी दिसली. जाडीच्या नादात मी 'व'चं पोट बुजवलं होतं, 'स'मधली फट मिटवली होती आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटून बसला होता. जवळून अक्षर देखणं होतं. पण जवळून बघायला आधी गाडी थांबावी लागते.

दुकानात येऊन पोटं उघडली, फटी रुंद केल्या, टिंब वर ढकललं. पाय तसेच ठेवले. त्यांच्यामुळे शब्द जमिनीवर उभा वाटतो. या सगळ्यात जाडी थोडी उतरली. हे वहिनीला सांगितलं नाही, तिला अजून जाड हवं होतं.

दुसरी पाटी न्यायला वहिनीबरोबर दादाही आला.

"माझा फोटो कुठंय?"

"बसला नाही."

"मग मालक कोन ते लोकांना कळनार कसं?"

"मालकाचं तोंड बघून आजपातूर कुनी रस प्यालंय का?" वहिनी म्हणाली. "उलट पुढं गेले आसतील."

दादाने पाटी उचलली. "लई मोकळी दिसती," एवढंच बोलला.

अमावस्येला मी ग्लास विसळायला गेले. गाड्या वळणावरच वेग कमी करून आत येत होत्या. दुपारीच ऊस संपला आणि दादाला आणखी मोळ्या आणाव्या लागल्या. बैल आपल्या चालीने फिरत होता आणि लोक ग्लासाची वाट बघत उभे होते. नेमकं तेच दादाच्या डोक्यात बसलं.

"बैल पुरत न्हाई आता," संध्याकाळी तो म्हणाला. "मोटारीचं मशीन घिऊ. बैल बाजारात न्हेतो."

"धंदा न्हाई म्हनून बी बैल इकायचा, आन् धंदा हाय म्हनून बी बैलच इकायचा?" वहिनी म्हणाली. "एकदा तुमी सोता जाऊन हुबं ऱ्हावा बाजारात. बघा काय भाव येतोय."

नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही असा माझा नियम आहे. मी ग्लास पालथे घातले आणि घरी आले.

पुढच्याच आठवड्यात वहिनी एकटी दुकानात आली. "अजून एक शब्द घाला वर. ह्याच आक्षरात, येवढाच मोठा."

"कोणता?"

"बैलाचा."

"बैलाचा रसवंती होत नाही, वहिनी."

"मग तुमी जुळवा. बैल आला पायजे."

मी 'बैलावरची' असं जुळवलं. 'बै'च्या दोन मात्रा त्या जाडीत एकमेकींवर चढत होत्या. त्या सोडवण्यात अर्धा दिवस गेला. पाटीची फ्रेम दुप्पट उंच करावी लागली.

"दादाला विचारलं का?"

"त्यांना वाचता येतंय की."

पाटी चढवली त्या दिवशी मी तिथेच होते. दादा रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचत उभा राहिला. परत आला आणि मला म्हणाला, "ह्ये पुसता येत आसंल ना?"

"फ्लेक्स आहे, दादा. पुसत नाही."

तेवढ्यात पुण्याची एक गाडी आत वळली. काच खाली करून आतल्या माणसाने विचारलं, "बैल खरंच आहे का? की नुसतं लिहिलंय?"

दादाने पाटीकडे बघितलं, मग त्या माणसाकडे.

"खरंच म्हंजी? उतरा की खाली. मशीनच्या रसाला आमी हात बी लावत न्हाई," म्हणाला, आणि बैलाला पाणी दाखवायला गेला.