‘पोरं कुठायत तुमची?’

आमच्या स्टाफरूममध्ये सुट्टीहून परतलेल्या माणसाला चहा उशिरा मिळतो. आधी किस्से, मग चहा. त्यामुळं प्रत्येक जण चार-दोन किस्से घेऊनच येतो आणि नसले तर येताना एसटीत बसून तयार करतो. मी दोन वर्षं कुठं गेलोच नव्हतो, म्हणून माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. या मे महिन्यात तीन दिवस बाहेर राहून आलो, तर एवढे साठले की चहा गार झाला तरी संपेनात! आणि गंमत म्हणजे सगळे एकाच दिवसाचे. शेवटच्या.

आधी थोडं सांगावं लागेल. आमचा मुलगा दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तापानं गेला. दहा वर्षांचा होता. तेव्हापासून माझ्या बायकोनं, सुजातानं, त्याचं नाव घेतलेलं नाही. ती पोस्टात नोकरी करते, स्वयंपाक करते, समोरचा हसला तर हसतेसुद्धा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव आलं, की उठून गॅसची शेगडी पुसायला लागते. शेगडी पुसून पुसून तिच्यावरची अक्षरं गेली. तिनं एकदा, निदान एकदा, ते नाव तोंडातून बाहेर काढावं, एवढंच मला हवं होतं. तिच्याआधी इथं मीही ते लिहीत नाही.

पार्कची कल्पना मुलाणी सरांची. ते आमच्याकडं पीटी शिकवतात आणि सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडं एकच औषध असतं, ‘बाहेर पडा!’ शाहूवाडीच्या वाटेला डोंगरात नवीन थीम पार्क झालाय, राहायच्या खोल्यांसकट. तिथं त्यांचा मेव्हणा कामाला. त्यानं बुकिंगही करून टाकलं.

‘तासाभराच्या वाटेवर जाऊन हवा कसली बदलणार, मुलाणी?’

‘हवा न्हाय वो सर, माणसं बदलत्यात की! हितं पेठेत, शाळेत, विहारात सगळ्यांस्नी ठाव हाय. म्हणून कोण तोंड उघडत न्हाय. तिथं कुणाला काय म्हाईत न्हाय.’

‘मग?’

‘मग काय! लोक बोलतील.’

बोलले. त्यांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. लोक काय बोलतील, याचा विचार मात्र आम्ही दोघांनीही केला नव्हता!

*

पहिले दोन दिवस सुजाता खोलीच्या गॅलरीतच बसून होती. खाली पाळणे फिरत होते, पोरं किंचाळत होती आणि ती हातावर हनुवटी टेकून बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून म्हणाली, ‘नाष्ट्याला खाली जाऊया. आज काय, शेवटचाच दिवस.’

आम्ही टेबलावर बसलो. वेटर आला. चटपटीत, बोलका पोरगा.

‘काका, पोरं उठली न्हाईत व्हय अजून?’

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘उठतील, उठतील. काल नाचून दमली असतील.’ आणि जाताना टेबलावर दोनाच्या जागी तीन प्लेटा ठेवून गेला. तिसऱ्या प्लेटीत लहान मुलांचा स्पेशल डोसा. अस्वलाचं तोंड, दोन कान, टोमॅटोचे डोळे आणि सॉसचं हसू.

मला ती प्लेट कुठं ठेवू, असं झालं. टेबल लहान, जागा नाही. परत द्यावी तर काय सांगून द्यावी? अस्वल आमच्या दोघांकडं बघून हसतंय. मी पेपरात तोंड घातलं.

सुजातानं प्लेट पुढं ओढली. चमच्यानं अस्वलाचे दोन्ही कान कापले.

‘कान मी खाते, तोंड तुम्ही खा. गार होईल,’ ती म्हणाली.

मी खाल्लं. आतला बटाटा चांगला झाला होता.

*

पार्काला चक्कर मारणारी एक छोटी आगगाडी आहे. ऊन वाढलं होतं, चालायचा कंटाळा आला, म्हणून म्हटलं बसूया. तर गाडीचा ड्रायव्हर आडवा आला.

‘लहान मूल बरोबर असल्याशिवाय मोठ्यांना बसता येत न्हाय, साहेब. रूल हाय.’

‘जागा तर रिकामी आहे.’

‘जागेचं काय न्हाय. रूलचं हाय.’

मी वळलो. सुजाता आधीच वळली होती. तेवढ्यात मागच्या डब्यातून आवाज आला, ‘ओ ताई, जाताय कुठं? घ्या की आमच्यातलं एक! पाच आणल्यात!’

मुरगूडहून आलेल्या एक आजी होत्या. नऊवारी, पायात पोराचे स्पोर्ट शूज आणि भोवती पाच नातवंडं. म्हणाल्या, ‘हवं ते उचला. फक्त ह्यो मधला घेऊ नका, त्यो चावतोय.’

सुजातानं सगळ्यात धाकटी घेतली. चार-पाच वर्षांची असेल. गाडी सुटली. पोरगी सुजाताच्या मांडीवर निवांत बसली, बोगदा गेला, प्लास्टिकचा हत्ती गेला, आणि मग तिनं मान वर करून विचारलं, ‘मावशी, तुमचं पोरगं कुठाय?’

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. शेगडी इथं नव्हती. सुजाताला पुसायला काही नव्हतं.

‘पुढच्या डब्यात,’ सुजाता म्हणाली.

झालं! पोरगी मांडीवर उभी राहिली, खिडकीतून बाहेर झुकली आणि मुरगूडपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, ‘ए, पुढच्या डब्यातल्याऽऽ! तुझी आई हितं हायऽऽ!’

पुढच्या डब्यातून सात-आठ पोरांनी एकदम मागं वळून बघितलं.

सुजातानं त्यातला प्रत्येक चेहरा बघितला. मीही बघितला.

*

भुताच्या घरात आम्ही चुकून शिरलो. मला वाटलं एसीचा हॉल आहे. आत काळोख, कुठून तरी बायकांच्या रडण्याचं रेकॉर्डिंग आणि पायाखाली हलणारी फळी. एका वळणावर पांढरा झगा घातलेलं भूत एकदम अंगावर आलं. मी ओरडलो. खोटं कशाला सांगू? चांगला मोठ्यानं ओरडलो!

सुजाता जागची हलली नाही. तिनं भुताकडं नीट बघितलं आणि विचारलं, ‘उकडत नाही का हो ह्यात?’

भुतानं मुखवटा कपाळावर सरकवला. आत विशीतला पोरगा, घामानं निथळत होता.

‘लई उकडतंय मावशी. आन् फॅन पण बंद हाय. तुम्ही भ्याला न्हाईसा?’

‘नाही.’

‘काका भ्यालं.’

‘ते भितातच.’

भूत हसलं. मग त्यानं आमच्या मागं, दरवाजाकडं बघितलं. ‘पोरं भ्याली काय? बाहेरच थांबल्यात?’

भुतानंही तेच विचारावं!

‘आमचा भीत नाही,’ सुजाता म्हणाली. दोन वर्षांत ‘आमचा’ हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

‘मग पाठवा की त्याला आत!’ भूत म्हणालं आणि मुखवटा खाली ओढून अंधारात गेलं.

बाहेर आल्यावर सुजाता बराच वेळ उन्हात उभी राहिली. मी ‘सावलीत ये’ म्हणालो. आली नाही.

*

आता माझा किस्सा. सगळे तिचेच सांगितले तर बरं दिसत नाही.

दुपारी ती खोलीवर बॅग भरायला गेली आणि मी लाटांच्या तलावाकाठी बाकावर बसलो. तो बाक बापलोकांचा. प्रत्येकाच्या पायाशी चपलांचा ढीग, मांडीवर टॉवेल आणि डोळे पाण्यात. माझ्या शेजारी इचलकरंजीचा एक जण होता. यंत्रमाग चालवतो म्हणाला. ऊन, पाऊस, सुताचा भाव, सगळं बोलून झालं. मग त्यानं पाण्याकडं बोट केलं.

‘पावणं, ह्यातलं तुमचं कुठलं?’

सुजाताला सुचलं तसं मला सुचत नाही. मी म्हणालो, ‘नाही ह्यात. होता एक. दोन वर्षं झाली, गेला.’

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या, पोरं किंचाळली. मला वाटलं, आता हा उठून दुसऱ्या बाकावर जाणार. लोक जातात. त्यांचाही इलाज नसतो.

उठलाच तो. पण माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

‘आमचं ते बघा, पिवळ्या टोपीचं. जरा नजर ठेवता काय? आलोच मी.’

आणि गेला! अनोळखी माणसाच्या भरवशावर पाण्यातलं पोर टाकून सरळ गेला!

मी उभाच राहिलो. पिवळी टोपी लाटेखाली जायची आणि माझा श्वास अडकायचा. वर यायची, मी श्वास सोडायचा. पापणी लवू द्यायचीही भीती वाटत होती. केव्हा तरी तो परत आला. हातात दोन कुल्फ्या. एक मला दिली.

‘हाय न्हवं?’ त्यानं विचारलं.

‘आहे,’ मी म्हणालो.

*

एवढ्यात मुलाणी सरांचा फोन आला.

‘काय सर, वहिनी काय म्हणत्यात? बोलत्यात काय?’

‘बोलते आहे.’

‘काय बोलत्यात?’

‘खोटं.’



‘खोटं तर खोटं,’ मुलाणी म्हणाले. ‘तोंड उघडलंय न्हवं? मग अडवू नका.’

आयुष्यभर पोरांना ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ सांगणाऱ्या माणसाचा सल्ला! मी तो मानला. दुसरा कुठला नव्हताच.

*

शेवटचा किस्सा स्टाफरूममध्ये मी सांगितलेला नाही.

परतीची बस गेटबाहेर लागली होती. आम्ही आत, कट्ट्यावर बॅगा घेऊन बसलो होतो. शेजारीच मुरगूडच्या आजी नातवंडं मोजत होत्या. एकदा मोजली, दोनदा मोजली आणि मग छाती पिटत उठल्या.

‘आगं बया! मधलं न्हाय!’

गेटाजवळ एक काचेची खोली आहे, माइक घेऊन एक मुलगी बसलेली असते. आजी तिकडं धावल्या. लगेच झाडाझाडावरच्या स्पीकरमधून आवाज घुमला. ‘मुरगूडहून आलेला शौर्य, मुरगूडहून आलेला शौर्य, तुझी आजी गेटपाशी तुझी वाट बघत आहे.’

पाळण्यांचं संगीत पुन्हा सुरू व्हायच्या आत शौर्य पळत आला. तोंड बर्फाच्या गोळ्यानं लालभडक. आजींनी आधी एक थोबाडीत दिली आणि मग छातीशी धरलं.

‘मेल्या, कुठं गेलतास रं?’

‘मारतीस कशाला?’ शौर्य भोकाड पसरून म्हणाला. ‘हाक ऐकली की आलो की लगेच!’

आजी पाचांना हाकत बसकडं गेल्या. सुजातानं तिची पर्स माझ्या मांडीवर ठेवली. ‘आलेच,’ म्हणाली. मला वाटलं, बाथरूमला चालली असेल. ती सरळ काचेच्या खोलीपाशी गेली.

मी पर्स घेऊन मागोमाग गेलो.

‘काय हरवलंय मॅडम?’ माइकवाल्या मुलीनं विचारलं.

‘मुलगा.’

‘आज सगळ्यांचीच हरवाय लागल्यात! नाव सांगा.’

सुजातानं तोंड उघडलं आणि मिटलं. काचेच्या कडेला लावलेली रबराची पट्टी थोडी निघाली होती. ती पट्टी तिनं अंगठ्यानं दाबून बसवली. पुन्हा दाबली.

‘मॅडम, नाव?’

‘सम्यक,’ सुजाता म्हणाली.

माझ्या हातातली पर्स खाली पडली. मी वाकून उचलली आणि उठायला वेळ लावला.

‘सम्यक. गाव?’

‘मंगळवार पेठ. कोल्हापूर.’

‘अंगात काय हाय?’

‘निळा शर्ट. वरचं बटण लावत नाही. कितीदा सांगितलं, तरी लावत नाही.’

‘मॅडम, बटणाचं न्हाय सांगत माइकवर.’

‘सांगा,’ सुजाता म्हणाली. ‘आणि हाक जरा हळू मारा. मोठ्यानं मारली की त्याला वाटतं, काहीतरी चुकलं. मग तो लपून बसतो.’

त्या मुलीनं मान डोलावली. ‘बरं. उंचीनं केवढा?’

सुजातानं आपल्या खांद्याच्या थोडा खाली हात धरला. तळवा सपाट, जमिनीकडं. हात जराही हलत नव्हता.

मी पुढं होऊन त्या मुलीला खरं काय ते सांगायला हवं होतं. तसा पुढं झालोही. सुजाताचं मनगट धरलं आणि चार बोटं वर उचललं.

मुलगी गोंधळली. ‘नक्की केवढा? मघाशी मॅडमनी हितं धरलतं की.’

सुजातानं आपल्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं.

‘हे म्हणतात तेवढा असेल,’ ती म्हणाली. ‘मी रोज बघते ना. रोज बघणाऱ्याला वाढलेलं कळत नाही.’