काट्यावर न दिसलेले चाळीस ग्रॅम

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. घरात त्या मैदानाचा विषय निघाला की मी उठून परसात टोमॅटोला पाणी घालायला जायचो. बायकोला सगळं ठाऊक आहे, तिने कधी उकरून काढलं नाही. आता माझी अठ्ठ्याहत्तरी चालू आहे, बोटं थरथरतात, बारीक काम सुटलं. ज्या नावासाठी गप्प बसलो ते नावही आता कोणाच्या लक्षात नाही. म्हणून लिहितो.

मी मावळातल्या एका कारखान्यात टूलरूमला होतो, तेहतीस वर्षं. मायक्रोमीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळं बोलणं, असा आमचा धर्म. निवृत्तीनंतर लोणावळ्याजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर काठ्या दुरुस्त करायचं काम मिळालं. खेळाचं मला काही कळत नव्हतं, पण दांडी, गोंद, घासकाम आणि वजन कळत होतं. खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी जिथे बसत, त्याच्या शेजारी माझी पत्र्याची खोली. महिन्याभरात सगळे मला आबा म्हणायला लागले.

कॅडींत सात-आठ बायका होत्या. त्यांतली एक जवळच्या कुरवंडे गावची. तिशीची असेल. नवरा गेलेला, सासूबरोबर राहायची. दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्या चढ-उतारावर ओढायची, आणि सोमवारी मैदान सभासदांना बंद असलं की स्वतः चेंडू मारायची. शिकवलं कोणीच नव्हतं. कोण्या सभासदबाईंनी जाताना तिला आपला जुना ड्रायव्हर दिला होता. लांब पल्ल्याच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. त्याने ती असा फटका मारायची की कॅडी बोलायचे थांबायचे. काठीचा वेग मोजायची एक पेटी मैदानावर खेळ शिकवणाऱ्या शिक्षकांकडे होती. तिच्यावर तिचा आकडा हसतखेळत एकोणनव्वदवर जायचा. ताशी एकोणनव्वद मैल.

त्या वर्षी व्यवस्थापनाने ठरवलं, की स्त्रियांना शिकवायला इथलीच एक बाई तयार करायची. वर्षाचं शिक्षण, राहण्याची सोय, परत आल्यावर कायम नोकरी. जागा एकच. परीक्षा साधी होती: पेटीसमोर दहा फटके, सरासरी पंच्याऐंशीच्या वर हवी. पुढचं सगळं शिकवता येतं, वेग मुळातच असावा लागतो, असं बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचं म्हणणं. ती जागा तिचीच, असं सगळे धरून चालले होते. नाहीतर गुडघे साथ देतील तोवर पिशव्या ओढणं होतंच.

परीक्षेला तीन आठवडे होते तेव्हा गाडीतून पिशवी पडली आणि तिच्या ड्रायव्हरची दांडी मोडली. दोन तुकडे ओढणीत गुंडाळून ती माझ्याकडे आली.

"आबा, हिचं काय व्हतंय का?"

"काठीचं डोकं शाबूत आहे ना? मग दांडी बदलू. रडतेस काय?"

"रडत न्हाई. ऊन लागलंय डोळ्याला."

माझ्या खणात एक हलकी दांडी होती, मोडलेल्या दांडीच्याच वजनाची. एका सभासदाची, दोन वर्षं कोणी न्यायला न आलेली. आणि कोपऱ्यातल्या पिंपात टाकून दिलेल्या जड दांड्या होत्या. मी पिंपात हात घातला. तेव्हा मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो: कॅडीची काठी आहे, चालून जाईल. हलकी दांडी सभासदासाठी राहू दे.

पुढचं कळायला माझा काटा समजून घ्यायला हवा. स्विंगवेट मोजायचा काटा म्हणजे टेकूवर ठेवलेली एक आडवी पट्टी. काठी तिच्यावर आडवी ठेवायची, मूठ एका टोकाला अडकवायची आणि छोटं वजन सरकवत पट्टी सरळ करायची. टेकूपलीकडे काठीचं डोकं हाताला किती ओढतं, ते त्यावर कळतं. नवी दांडी जवळजवळ पंचवीस ग्रॅमनी जड होती, त्यामुळे काटा डोक्याकडे झुकला. मी लेथवर पितळेची बारीक गुल्ली काढली, मुठीच्या आत बसवली. काटा जुन्या खुणेवर आला, अगदी केसाच्या अंतरावर. मी खूश. तिला बोलावून दाखवलं. तिला त्यातलं काय कळणार, पण तिने मान डोलावली आणि काट्याला हात लावून नमस्कार केला. थट्टेनेच केला असेल.

चारच दिवसांनी ती परत आली. कॅडी जमलेले होते.

"आबा, राग मानू नका. पण काठी जड लागतीय."

"कुठे जड लागते? डोक्याकडे?"

"कुटं म्हंजे... सगळीच."

एक जुना कॅडी म्हणाला, "काल उपास आसंल तिचा."

"तुज्यासारखं चार वडापाव रिचवून न्हाई येत मी."

सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. पण माझ्या मापाला कोणी चारचौघांत जड म्हणालं हे मला लागलं. मी काठी तिथेच काट्यावर चढवली. पट्टी अगदी सरळ आडवी राहिली. "बघा सगळ्यांनी. जुनी खूण हीच होती ना? काटा खोटं बोलत नाही. तुझा हात थकलाय, पोरी. परीक्षेची भीती हातात उतरली की असं होतं."

इथले शिक्षक दारातून जात होते. ते थांबले, म्हणाले, "आबा म्हणतात त्यात तथ्य आहे. मनगट सैल पडतंय तिचं."

झालं. त्या दिवसापासून ती मनगट दुरुस्त करायला लागली. काम संपलं की एकटीच जाळ्यासमोर उभी. चांगला जमलेला हात तिने माझ्या शब्दावर मोडला आणि नव्याने जोडायला घेतला. तळव्यांना फोड आले, त्यांवर पट्ट्या लावून मारायची. पेटीवर आकडा त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. वर जाईना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने काठी माझ्या हातात दिली. "आबा, येकदा बघा ना. उद्या सकाळी द्या." मी ती घरी आणली. बघायचं काही नव्हतं. सकाळी तशीच परत करून बघितली म्हणणार होतो.

बायको ओट्यावर मसाल्याच्या पुड्या भरत होती. घरगुती मसाला करून विकते ती, त्यासाठी एक सपाट इलेक्ट्रिक काटा आहे. तिने विचारलं, मी सांगितलं.

"मग ठेवा की माज्या काट्यावर. भांडताय कशाला?"

"याच्यावर स्विंगवेट कळत नाही."

"मला ते कळतच न्हाई. वजन कळतंय ना?"

जुन्या दांडीचे तुकडे मी टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून रोवले होते. ती परसात गेली, दोन्ही उपटून धुऊन आणले आणि काट्यावर ठेवले. नव्या दांडीवर तिचं वजन छापलेलंच होतं. गुल्लीचं वजन मला तोंडपाठ होतं, पंधरा ग्रॅम. बेरीज करायला कागद लागला नाही. काठी आधीपेक्षा चाळीस ग्रॅमनी जड झाली होती.

"अहो, दोन हातांत दोन घागरी घेतल्या की तोल राहतोय," बायको म्हणाली. "वजं कुटं जातंय?"

ही एवढीशी गोष्ट. माझा काटा फक्त तोल सांगत होता. डोक्याकडचं वजन वाढलं ते मी मुठीकडे वजन घालून लपवलं, आणि काट्याने ते मान्य केलं. पण फिरवताना हातांना सगळी काठी फिरवावी लागते. एखादा घाईने मारणारा असतो, त्याला जड दांडी उलट सावरते, वेग फारसा घटत नाही. असे सभासद मी पाहिले होते आणि त्यांच्यावरूनच निर्धास्त होतो. तिचा ठेका मात्र हलक्या काठीवर बसलेला. जड काठी तिच्या हातात चेंडूपाशी उशिरा पोहोचत होती. तिच्या मनगटात काहीच बिघाड नव्हता. तो बिघाड माझ्या बोलण्यातून निघाला होता.

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. हलकी दांडी खणात होती. खोलीची किल्ली माझ्या खिशात. जड दांडी काढायला पाऊण तास, हलकी बसवायला तेवढाच, आणि गोंद रात्रभरात सुकतो. सकाळी काठी तयार मिळाली असती. बायको गॅस बंद करून उभी राहिली. "जाताय ना?"

मी चपला घातल्या. ओसरीत बसलो. सकाळी ती विचारणार, काय केलं? शिक्षक विचारणार, आता कशी हलकी लागते? चारचौघांत काटा दाखवून जे बोललो ते चारचौघांतच मागे घ्यावं लागणार. मी स्वतःला सांगितलं, ऐन वेळी काठी बदलली तर ती बावरेल. परीक्षेनंतर बदलली तरी काय बिघडतं, आकडा थोडा कमी पडला तर शिक्षक सांभाळून घेतील. अंधार पडेपर्यंत मी अशी कारणं रचत होतो. बायको आत गेली आणि पुड्या भरू लागली.

सकाळी सातला गवत ओलं होतं. परीक्षक खुर्चीवर, पेटी जमिनीवर, आमचे शिक्षक वहीत लिहायला. कॅडी दोरीबाहेर उभे. मी काठी तिच्या हातात दिली.

"बघितली का आबा?"

"बघितली."

"मग झालं."

पहिला फटका. परीक्षक म्हणाले, "चौऱ्याऐंशी." दुसरा, त्र्याऐंशी. तिने तळव्यावरची पट्टी दातांनी ओढून घट्ट केली. तिसरा पंच्याऐंशी, आणि दोरीपलीकडून कोणीतरी "शाब्बास" म्हणालं. चौथा त्र्याऐंशी. प्रत्येक आकड्याला मी मनात चार मिळवत होतो. अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याऐंशी. थांबवा, काठीत चूक आहे, एवढं बोलायला माझ्यापाशी दोन फटक्यांमधला वेळ होता, आणि तो प्रत्येक वेळी मिळत होता. सातव्या फटक्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून दाखवलं. ती मान डोलावून वळली आणि तिने मनगट आवळून मारलं. ब्याऐंशी.

दहा झाले. परीक्षकांनी बेरीज केली, भागली आणि सरासरी पंच्याऐंशीच्या खाली आली, असं सौम्यपणे सांगितलं. तिने त्यांना, शिक्षकांना नमस्कार केला. मग माझ्याकडे आली.

"तुमी म्हणलाच व्हता आबा. काटा बराबर हुता. माजाच हात न्हाई."

ती जागा त्या वर्षी रिकामीच राहिली, पुढच्या वर्षी योजनाच बंद झाली. दोन महिन्यांनी तिने कॅडीचं काम सोडलं आणि कुरवंड्याच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टात चादरी धुवायला लागली. ड्रायव्हर माझ्या खोलीतच ठेवून गेली. "कुणाला तरी द्या," म्हणाली.

ती गेल्यावर मी हलकी दांडी बसवली. गुल्ली काढून टाकली. आधी बायकोच्या काट्यावर वजन केलं, मग माझ्या काट्यावर तोल पाहिला. दोन्ही जुन्यासारखे. काठी जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून मी रिक्षाने कुरवंड्याला गेलो. उतरल्यावर तिच्या घरापर्यंत पाच मिनिटांची चढण. काय बोलायचं ते चढताना पाठ केलं.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. सासूने पाणी दिलं. मी काठी पुढे केली. तिने हात पुसले, कोंबड्या हाकलल्या आणि चेंडू नसताना एकदाच फिरवली. अंगणात तो सूं असा आवाज झाला, जो सोमवारी ऐकू यायचा. ती काठीकडे बघत राहिली.

"आबा, ही हलकी हाय." मग मूठ तळव्यावर तोलत, "म्हंजे माजा हात बरा हुता?"

मी म्हणालो, "नवीन दांडी आहे. आता चांगल्या यायला लागल्यात."

"आसं व्हय." तिने काठी पुन्हा बेडशीटमध्ये नीट गुंडाळली आणि मला परत दिली. "न्या आबा. हितं कुटं मारू? लोकांच्या काचा फुटायच्या." हसली, आणि राहिलेले कपडे उचलले.

सासूने चहाचा आग्रह केला. मी परतीची रिक्षा पाचला ठरवलीय असं सांगून उठलो. ठरवली होती साडेपाचला.

ती काठी आमच्या दाराआड आहे. अजून एकदा गेलो होतो, पण घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, दोघी तळेगावकडे राहायला गेल्या, नक्की कुठे ते ठाऊक नाही. चढणीवर मी जे पाठ केलं होतं ते मला अजून शब्दन् शब्द येतं:

पोरी, तुझा हात बरा होता. पहिल्यापासून बरा होता. मोजायला मी चुकलो, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मला ते कळलं होतं. मला माफ कर.