वहीत लिहिलेलं त्यांचं नाव

लकवा झाला तेव्हा माझे यजमान ड्यूटीवर निघत होते. रेल्वेत सिग्नलच्या कामाला होते. बुटाची लेस बांधायला वाकले आणि तसेच बाजूला कलंडले. मी आत डबा भरत होते. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा उजवा हात, उजवा पाय गेलेला होता, बोलणंही गेलं होतं. एक शब्द तेवढा उरला होता, "चलो". पाणी हवं असलं तरी चलो, राग आला तरी चलो. पुण्याहून मुलीचा फोन आला की रडत रडत चलो, चलो. समजायचं सगळं, तोंडातून निघायचं तेवढंच.

आम्ही हिंदी मुलखात राहतो, म्हणून आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, पण घरातली संध्याकाळची प्रार्थना मराठीत. ती रोज सहा वाजता यजमानच करायचे. आता ती माझ्यावर आली. "प्रभू, यांचं बोलणं परत दे." पहिले काही महिने मी हे अगदी खात्रीनं मागायचे. चर्चच्या मंडळीतले लोक दर गुरुवारी यायचे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. मग महिन्यातून एकदा येऊ लागले, मग नाताळलाच. त्यांना दोष देत नाही. दुसऱ्याच्या घरच्या त्याच त्या दुःखासाठी माणूस किती दिवस मागणार?

बोलायला शिकवणारी एक मुलगी यायची. चित्रांचे पत्ते दाखवायची, कप, गाय, छत्री. छत्रीकडे बघताना यांच्या कपाळावर घाम यायचा आणि शेवटी निघायचं, "चलो". दीड वर्षानं तिनं जाताना मला दाराशी थांबवलं. "आंटी, अब जितना है, उतना ही मानकर चलिए."

त्यानंतर मंडळीतल्या एक बाई आल्या. मी चहा दिला. यांच्यासमोरच म्हणाल्या, "दीदी, घर में कोई पाप छिपा हो तो प्रार्थना रुक जाती है. ज़रा मन टटोलकर देखो."

हे खुर्चीत बसून ऐकत होते. मान खाली घालून आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मी बाईंच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि म्हटलं, "अब आप जाइए."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी टीव्ही लावला. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर घरात प्रार्थना झाली नाही.

मग एका संध्याकाळी यांनी डाव्या हातानं पलंगावर धपाधप मारायला सुरुवात केली. कपाटाकडे बोट. मी शर्ट काढला, नाही. औषध, नाही. "चलो! चलो!" शेवटी खालच्या खणातून त्यांची वही निघाली. बाजारातल्या कमानिया गेटजवळच्या दुकानातून आणलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची. ते ज्यांच्यासाठी प्रार्थना करायचे त्यांची नावं तिच्यात होती. नोकरी नसलेला चुलत भाऊ, दारू पिणारा कामावरचा सोबती, बहिणीचे गुडघे. काही नावांपुढे बरोबरची खूण होती. बहुतेकांपुढे काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी या माणसाशेजारी बसून आमेन म्हटलं होतं, आणि त्यानं मागितलेलं किती थोडं मिळालं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं दोन वाक्यं म्हटली. बोट पुढच्या नावावर. असं करत शेवटचं नाव झालं. मग त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मी त्यांचं नाव लिहिलं आणि पेन आपटलं. "अजून मागायचं? काहून मागायचं हो? कोण ऐकून राहिलं?"

"चलो," ते म्हणाले. ती विनवणी होती, राग होता, की दुसरा शब्दच नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे दोन वर्षं आम्ही रोज तसं बसलो. कधी मी किराणा वाचावा तशी नावं वाचायचे, कधी मनातल्या मनात देवाला शिव्या द्यायचे. एकदा त्यांचं नाव मुद्दाम गाळलं. त्यांनी माझं मनगट धरलं ते मी नाव घेईपर्यंत सोडलं नाही.

जानेवारीत दुसरा झटका आला. पाच दिवस दवाखान्यात होते, डोळे उघडलेच नाहीत. मी खाटेशी बसून सगळी नावं वाचली, त्यांचंही. सहाव्या दिवशी दुपारी गेले.

कब्रस्तानात चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "अब वे प्रभु के सामने बोल रहे हैं." लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण मी बोलणं मागितलं होतं ते आमच्या घरात, त्या खुर्चीत. भाजीत मीठ कमी आहे, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. ते मिळालं नाही. मिळालं असं मी म्हणणार नाही.

महिनाभर मी प्रार्थनेला बसले नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, काहून सोडलं तू? पप्पा असते तर..."

"पप्पा नाहीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नंतर पुन्हा बसू लागले. काही उमगलं म्हणून नाही. सहा वाजता घर खायला उठायचं, आणि दुसरं काही करता येत नव्हतं. इतरांची नावं घेते. त्यांच्या नावाशी आल्यावर मागायला काही नसतं, नुसती थांबते.

उन्हाळ्यात शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली. त्यांचा तरुण मुलगा बरेच दिवस खोलीबाहेर येत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. "दीदी, तुम लोग प्रार्थना करते हो न? मेरे बेटे का भी नाम ले लेना."

माझ्या घराकडे बघा आणि मग सांगा, असं ओठांवर आलं होतं. मी त्याचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

आता थंडी पडली आहे. तो अजून बाहेर आलेला नाही. त्याची आई जेवणाचं ताट दाराशी ठेवते, ते अर्धं तसंच परत येतं. आजही मी त्याचं नाव घेतलं.